अडगळीतील लोखंड आणि शेतकऱ्याचा हिशेब

शेतीचा हिशेब मांडताना बियाणे, खत, मजुरी आणि पाणीपट्टी यांची नोंद बहुतेक शेतकरी करतात. परंतु गोठ्याच्या मागे, विहिरीलगत अथवा पडवीच्या कोपऱ्यात धातूचा जो ढीग वर्षानुवर्षे साचत जातो, त्याची नोंद कोणत्याही वहीत आढळत नाही. झिजलेले फाळ, कुळवाची वाकलेली पास, मोडक्या बैलगाडीची धाव, तेल-इंजिनाचे फुटलेले चाक, जळालेल्या मोटारीच्या तारा, गळके पत्रे, फवारणी पंपाची पितळी टाकी, निकामी बॅटरी अशा नाना वस्तू त्या ढिगात असतात. या साऱ्यांना मिळून एकच नाव आहे. ते म्हणजे भंगार. एका नावाने ओळखला जाणारा हा ढीग बहुधा एकाच भावाने विकला जातो, आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा आरंभ तेथेच होतो.

वास्तविक धातू हा धान्यासारखा एकदा वापरून संपणारा पदार्थ नव्हे. तो झिजतो, गंजतो, मोडतो; परंतु वितळवून अथवा ठोकून त्याला नवा आकार देता येतो. ही गोष्ट आपल्या समाजास पूर्वीपासून ठाऊक होती. फुटका हंडा किंवा चेपलेली घागर तांबटाकडे मोडीत देऊन, तूट वजा जाता केवळ घडणावळीच्या पैशांत नवे भांडे घेण्याची रीत घरोघरी होती. भांड्यांच्या बाबतीत जो विवेक गृहिणीने पिढ्यान्‌पिढ्या दाखविला, तो अवजारांच्या व यंत्रांच्या मोडीबाबत शेतकऱ्याने दाखवू नये, ही गोष्ट चिंत्य आहे.

या संदर्भात महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासातील एक उदाहरण बोधप्रद ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे आरंभी तो कोणी घेईना. पुढे अनुभवाने तो समज दूर झाला व नांगराची मागणी वाढली. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड येणे दुरापास्त झाले. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या आणि त्या धातूचे नांगर झाले. ऐतिहासिक तोफांचे जतन करणे हेच आजच्या काळात उचित होय, यात शंका नाही. तथापि टंचाईच्या प्रसंगी मोडीकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची ती दृष्टी मात्र आजही अनुकरणीय आहे.

एक ढीग, अनेक धातू

मोडीची प्रतवारी करणे ही केवळ भंगार व्यापाऱ्याच्या सोयीची बाब आहे, असे अनेकांस वाटते. तसे नाही. कोणता धातू कशाच्या उपयोगी पडेल हे त्याच्या घटनेवर अवलंबून असते, आणि एका धातूत दुसरा मिसळला की दोहोंची किंमत उतरते.

लोखंडाच्या वर्गातच मुख्यतः तीन जाती शेतावर आढळतात. पहिली जात बिडाची. चरकाचे लाट, पंपाचे कवच, इंजिनाचे जड चाक, जुन्या नांगराचे काही भाग हे बिडाचे असतात. बिडामध्ये कर्बाचे प्रमाण शेकडा २ ते ४ इतके असल्यामुळे ते ओतण्यास सुलभ, परंतु ठिसूळ असते. लोहाराच्या भट्टीत तापवून ते ठोकू गेल्यास त्याचे तुकडे होतात. म्हणून बीड गावच्या लोहाराच्या कामाचे नाही. मात्र ओतकामाच्या कारखान्यास ते हवे असते. कोल्हापूर व इचलकरंजी भागातील ओतशाळांत अशा बिडाच्या मोडीपासून पुन्हा नवे भाग ओतले जातात.

दुसरी जात साध्या, मऊ पोलादाची. सळ्या, पट्ट्या, कोनपट्ट्या, चौकटी व पत्रे या वर्गात मोडतात. यात कर्ब फार थोडा, शेकडा पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. हे लोखंड तापवून हवे तसे वाकविता येते, जोडता येते. परंतु तापवून पाण्यात बुडविले तरी त्याला खरी धार येत नाही. साध्या सळईचे खुरपे चार दिवसांत वाकते, याचे कारण लोहाराची अकुशलता नसून लोखंडाची जात हे असते.

तिसरी जात कडक पोलादाची. मालमोटारीच्या कमानीचे पाटे, जुन्या कानशी व गुंडाळीच्या जाड स्प्रिंगा या वर्गात येतात. कमानीच्या पाट्यात कर्ब शेकडा अर्ध्या टक्क्याच्या सुमारास असतो. विळे, कोयते, खुरपी, कुदळीची टोके व कोळप्याच्या पासा यांसाठी हे पोलाद उत्तम. गावोगावचे लोहार आणि फिरस्ते घिसाडी पाट्याचा तुकडा शोधत असतात, तो याच कारणाने. असा तुकडा साध्या लोखंडाच्या भावात ढिगात जाऊ देणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे होय.

लोखंडेतर धातूंत तांबे सर्वांत मोलाचे. ते जळालेल्या मोटारीच्या वेटोळ्यात व विजेच्या तारांत असते. पितळ जुन्या फवारणी पंपात, तोट्यांत व झडपांत आढळते. पंपाच्या काही पुठ्ठ्यांत काशाच्या जातीचा मिश्र धातू असतो. ॲल्युमिनियम, ज्याला खेड्यात अजून ‘जर्मन’ म्हणतात, भांड्यांत, तुषार सिंचनाच्या जुन्या नळांत व इंजिनाच्या काही भागांत असते. पत्र्यावर व नळावर जस्ताचा थर असतो आणि बॅटरीत शिसे असते.

ओळखण्याच्या सोप्या कसोट्या

या जाती ओळखण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पहिली कसोटी लोहचुंबकाची. बीड व पोलाद यांस चुंबक चिकटतो. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम व शिसे यांस चिकटत नाही. भांड्यांचे न गंजणारे पोलाद मात्र फसवे असते. त्याच्या अनेक प्रकारांस चुंबक लागत नाही, तरी ते पोलादच असते आणि साध्या लोखंडापेक्षा त्यास अधिक भाव येतो. पितळी दिसणाऱ्या वस्तूस चुंबक चिकटला, तर ती वरून मुलामा दिलेली लोखंडी वस्तू आहे असे समजावे.

दुसरी कसोटी कानशीची. कानशीने एका कोपऱ्यास घासले असता आतील रंग प्रकट होतो. तांबडा रंग तांब्याचा, पिवळा पितळेचा, पांढुरका व वजनास हलका असल्यास ॲल्युमिनियमचा. काही स्वस्त मोटारींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली असते, हेही अशा घासण्याने उघडकीस येते.

तिसरी कसोटी सहाणयंत्राच्या ठिणग्यांची. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या व कमी फाटे फुटणाऱ्या असतात. कडक पोलादाच्या ठिणग्यांना पुष्कळ फाटे फुटून फुलबाजीसारखा फुलोरा दिसतो. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात. ही परीक्षा डोळ्यांवर चष्मा लावूनच करावी. तुटलेल्या भागाकडे पाहूनही बीड ओळखता येते; त्याचा तुटवा करडा व खडबडीत, दाणेदार दिसतो.

प्रतवारी का करावयाची

प्रतवारीच्या विरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शेतकऱ्यास आधीच कामे थोडी नाहीत. चार किलो तांबे आणि दहा किलो पितळ निवडण्यात त्याने दिवस का दवडावा, असे म्हटले जाते. आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तो टिकत नाही. जळालेली मोटार तशीच लोखंडाच्या काट्यावर चढविणाऱ्यास एका दिवसाच्या मजुरीहून किती तरी अधिक रकमेवर पाणी सोडावे लागते. मोटार पुन्हा बांधून घेतानाही हाच नियम लागू होतो. जुने वेटोळे हे मोटारीच्या मालकाचे असते. त्याचे वजन करून बिलातून वजावट मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते फिरून शेतकऱ्याच्याच घरी येते. पोलादाच्या रसात मिसळलेले तांबे नेहमीच्या भट्टीत वेगळे काढता येत नाही. असे पोलाद लाल असताना लाटले की त्यास चिरा पडतात. जालना येथील पोलाद कारखान्यांत मोड व स्पंज लोखंड विजेच्या प्रवर्तन भट्टीत वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार होतात. या प्रकारच्या भट्टीत धातूचे शुद्धीकरण फारसे होत नाही. जे आत घालावे तेच बाहेर येते. आज निष्काळजीपणाने ढिगात टाकलेली अशुद्ध मोड उद्या एखाद्या शेतकऱ्याच्याच घराच्या छतात सळई होऊन जावी, हे अशक्य नाही. ॲल्युमिनियमच्या रसात लोखंड मिसळले, तर तेही सहजी निघत नाही.

तिसरे कारण राष्ट्रीय हिताचे आहे. केंद्र शासनाने २०१९ साली पोलादाच्या मोडीच्या पुनर्वापराविषयी धोरण जाहीर केले. त्यात म्हटल्याप्रमाणे एक टन मोड वापरल्याने १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा व ५५ किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियम खनिजापासून तयार करण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या केवळ शेकडा ५ इतक्या ऊर्जेत मोडीपासून तेच ॲल्युमिनियम मिळते. ज्या ग्रामीण भागास विजेची टंचाई ठाऊक आहे, त्यास या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्वच मोड विकावी काय

येथे उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. मोड ही लक्ष्मी आहे असे म्हटले, की काही जण प्रत्येक खिळा जपून ठेवतात. पावसात पडलेले लोखंड दरवर्षी गंजून वजनाने व गुणाने कमी होते, ढिगाखाली विंचू-साप आश्रय घेतात आणि मुलांच्या पायांस जखमा होतात. म्हणून काय ठेवावे व काय विकावे याचा निश्चित नियम असावा.

कडक पोलादाचे पाटे व सरळ, न गंजलेल्या पट्ट्या कोरड्या जागी ठेवून लोहारास दाखवाव्यात. त्यांतून घरचीच अवजारे घडतात. पाट्यापासून पाते करताना पोलादास धग देऊन, चुंबक चिकटेनासा झाल्यावर किंचित अधिक तापवून तेलात विझवावे आणि नंतर हलक्या आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा. एकदम थंड पाण्यात बुडविल्यास अशा पोलादास तडा जाण्याचा संभव असतो. बीड, जुने पत्रे, वाकड्यातिकड्या सळ्या व बारीकसारीक तुकडे मात्र साठवू नयेत. ते विकून टाकणेच हिताचे.

पुनर्वापरासही मर्यादा आहे. जेथे भाग तुटला असता माणसाच्या अंगावर येईल, तेथे मोडीचे लोखंड वापरू नये. मळणी यंत्राचे व कडबा कापणीच्या यंत्राचे फिरते भाग, ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या जोडणीची खीळ, भार उचलणारे साखळदंड हे ज्ञात गुणांच्या नव्या पोलादाचेच असले पाहिजेत. अज्ञात लोखंडाची खीळ स्वस्त पडते. पण चढावर ती तुटली म्हणजे तिची खरी किंमत कळते. तडा गेलेले बिडाचे चाक जोडून पुन्हा वेगाने फिरविणे हेही त्याच प्रकारचे धाडस होय.

विषारी मोड

मोडीपैकी काही वस्तूंच्या बाबतीत भावाचा विचार दुय्यम आणि जिवाचा विचार प्रथम केला पाहिजे.

यांत बॅटरीचा क्रम पहिला. ट्रॅक्टरच्या व घरगुती विजेच्या बॅटरीत शिसे व तीव्र गंधकाम्ल असते. शिसे अवघ्या ३२७ अंश उष्णतेस वितळते. त्यामुळे चुलीवरही ते गाळता येते, आणि यातच मोठा धोका आहे. शिशाची धूळ व वाफ शरीरात साठते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ तिने खुंटते आणि शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. जाळ्यास अथवा गळास शिशाचे वजन हवे म्हणून घराच्या आवारात बॅटरी फोडणे हे मुलांच्या ताटात विष वाढण्यासारखे आहे. बॅटरी न फोडता, आम्ल न सांडता, नवी घेताना दुकानदारास परत करावी व तिची किंमत वजा करून घ्यावी. बॅटरीच्या कचऱ्याविषयी २०२२ साली केंद्राने नियम केले असून, जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे.

दुसरा क्रम कीटकनाशकांच्या डब्यांचा. ॲल्युमिनियमची बाटली किंवा पत्र्याचा डबा कितीही मजबूत दिसला, तरी तो धान्य, तेल वा पाणी साठविण्यासाठी कदापि वापरू नये. औषध संपताच डबा तीन वेळा पाण्याने धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, डब्यास भोके पाडावीत आणि तो इतर मोडीपासून वेगळा ठेवावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही, असे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते उघड्यावर न टाकता नष्ट करावेत, असा आदेश आहे. फवारणी पंपाची पितळी टाकी विकण्यापूर्वीही स्वच्छ धुवावी. ती फोडणाऱ्या मजुराचा जीवही तितकाच मोलाचा आहे.

तिसरा क्रम जस्ताचा थर असलेल्या नळांचा व पत्र्यांचा. हे लोखंड लोहाराच्या भट्टीत घातले अथवा थर न काढता जोडले, म्हणजे पांढरा धूर निघतो आणि त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. चौथा क्रम बंद नळकांड्यांचा. गॅसची टाकी, दाब पेलणारा दांडा किंवा दोन्ही तोंडे बंद असलेला नळ भट्टीत गेल्यास आतील हवा व ओल यांमुळे स्फोट होतो. अशी वस्तू मोडीत मुळीच मिसळू नये.

तांब्यासाठी तारा जाळणे हीही एक घातक चाल सर्वत्र पडली आहे. आवरणाच्या जळण्याने विषारी धूर होतो, शिवाय जळून काळे पडलेल्या तांब्यास भावही कमी येतो. आवरण सुरीने सोलून काढणे अधिक कष्टाचे, परंतु दोन्ही दृष्टींनी लाभाचे आहे.

गावाने काय करावे

एकट्या शेतकऱ्याजवळ कोणत्याही धातूचा साठा इतका नसतो, की व्यापाऱ्याशी त्यास बरोबरीच्या नात्याने बोलता यावे. यास सहकार हाच उपाय आहे. ऊस, दूध व कापूस यांच्या बाबतीत महाराष्ट्राने जे साधले, ते मोडीच्या बाबतीत का साधू नये? रब्बीची सुगी आटोपल्यावर व पाऊस पडण्यापूर्वी गावच्या सेवा सहकारी संस्थेने, ग्रामपंचायतीच्या साहाय्याने, वर्षातून एक दिवस मोड गोळा करण्यासाठी ठरवावा. बीड, पोलाद, तांबे-पितळ व ॲल्युमिनियम असे चार ढीग करावेत. वैधमापन यंत्रणेची मुद्रा असलेल्या काट्यावर प्रत्येकाचा माल मोजून त्यास पावती द्यावी आणि एकत्र झालेला माल बोली मागवून विकावा. विक्रीपूर्वी गावच्या लोहारास कडक पोलादाची निवड करण्याची पहिली संधी योग्य भावाने मिळावी. लोहाराचा भाता चालू राहिला, तर हंगामाच्या ऐन तोंडावर फाळ शेवटण्यासाठी तालुक्यास धाव घ्यावी लागत नाही.

या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे, आणि तो अनेक गावांच्या जिव्हाळ्याचा आहे. विहिरीवरील मोटारींची व तारांची चोरी हा शेतकऱ्याचा नित्याचा मनस्ताप होऊन बसला आहे. उभ्या पिकास पाणी देण्याच्या रात्री तार कापून नेली जाते. चोरास तांब्याचे चार पैसे मिळतात. शेतकऱ्याची पाळी जाते व पीक करपते. चोरीचे तांबे खपते ते विनापावती, विनाविचारणा चालणाऱ्या खरेदीमुळे. चोरीस दोष देणारा शेतकरी जेव्हा स्वतःचा माल पावतीविना देतो, तेव्हा त्याच अंधाऱ्या व्यवहारास तो नकळत आधार देत असतो. देणाऱ्याचे नाव, मालाचे वर्णन व वजन यांची नोंद करण्याची सवय गावास लागली, तर चोराचे बाजार आपोआप आखडतील. भंगाराचा धंदा करणारे सर्वच अप्रामाणिक असतात असे मुळीच नव्हे. किंबहुना दारोदार फिरून मोड वेचणाऱ्या कष्टकऱ्यांमुळेच आजवर पुष्कळ धातू मातीमोल होण्यापासून वाचला आहे. नोंदीची शिस्त प्रामाणिक व्यापाऱ्यासही संरक्षणच देईल.

संस्थेचा पहिला मेळावा मोठा झाला नाही, तरी खंत मानण्याचे कारण नाही. पाच-पंचवीस घरांची मोड वेगवेगळी तोलली गेली आणि प्रत्येकास धातूनिहाय दाम मिळाला, म्हणजे पुढील वर्षी उरलेली घरे स्वतःहून येतील. लोखंडी नांगरही आरंभी कोणी घेत नव्हते. अनुभवाने तो घरोघरी पोहोचला.

तोवर प्रत्येक शेतकरी बांधवाने एवढे तरी करावे. येत्या आठवड्यात पडवीतील ढीग उपसावा, चुंबक व कानस घेऊन त्याची प्रतवारी करावी, बॅटरी व औषधांचे डबे मुलांच्या हातापासून दूर न्यावेत आणि उरलेल्या मोडीचे वजन आपल्या हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूस लिहावे. जे वहीत चढते त्याची किंमत माणूस मागतो. जे चढत नाही ते दुसऱ्याच्या काट्यावर जाते.